बाजूची सीट

बाबांनी मला गाडी शिकवली ती टपल्या मारून. क्लच लवकर सोडला की टपली, आरसा पाहिला नाही की टपली, आणि गाडी बंद पडली तर वर शिवीसुद्धा. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा दर्यापूरच्या रस्त्यावर मी भर उन्हात पिकअप थांबवली आणि किल्ली काढून शेतात भिरकावली. "घ्या, चालवा आता तुमीच!" मग अर्धा तास आम्ही दोघं तुरीच्या ओळींत किल्ली शोधत होतो, एकमेकांकडे पाठ करून.

मला शिकायला अमेरिकेत जायचं होतं. विद्यापीठ ज्या गावात होतं तिथे बस जवळजवळ नव्हतीच. आधी गेलेल्या मुलींनी बजावलं होतं, लायसन घेऊनच ये, इथे गाडीवाचून घरात कोंडून पडशील. लर्निंग लायसन निघालं होतं. पक्क्याची टेस्ट अमरावतीच्या आरटीओत सोमवारी होती. ते मिळालं की परदेशात चालणारा परवाना, आणि मग विमान. आमचं घर अंजनगाव सुर्जीजवळ, फुलं आणि भाजीपाला पिकवणारं. बाबा आठवड्यातून दोनदा अकोल्याच्या मार्केटला झेंडू न्यायचे. येताना रिकामी पिकअप माझ्या हातात द्यायचे. काचेवर मी पुठ्ठ्याचा लाल 'एल' चिकटवला होता.

पहिल्या दिवशी, गिअर दाखवायच्याही आधी, त्यांनी एक धडा दिला होता. "कोनाले ठोकलं तं खाली उतरू नोको. बेल्ट काढजो अन् झटकन इकडे सरकजो, माह्या जागेवर. बाकी मी पायतो." जमाव आधी मारतो, मग विचारतो, आणि मारतो तो स्टिअरिंगवर बसलेल्याला, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी मी फणकारले. "मी काऊन सरकू? चूक माही असंन तं मार बी मीच खाईन." त्यावरही एक टपली बसली.

टेस्टला चार दिवस होते. अकोल्याहून परत येत होतो, सकाळचे दहा वाजले असतील. आरशावरून आमचं भांडण जुंपलं होतं. मी बाबांकडे वळून तोंड चालवत होते, आणि त्याच वेळी एका फाट्यावर दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल हात दाखवून रस्ता ओलांडायला वळली. मी ब्रेक मारला, पण उशिरा. आधी कॅनचा आवाज झाला, मग माणसाचा. दूध डांबरावर पसरलं आणि त्यात लगेच लाल धार मिसळली. माणूस मोटरसायकलखाली अडकला होता आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता.

"सरक!" बाबा ओरडले.

आणि मार मीच खाईन म्हणणारी मी बेल्ट काढून सरकले. बाबा माझ्या अंगावरून पलीकडे गेले. त्यांचं कोपर माझ्या ओठावर बसलं. काचेवरचा 'एल' ओरबाडून त्यांनी बंडीत खुपसला, ड्रायव्हरच्या बाजूने उडी मारली आणि धावत जाऊन त्या माणसाच्या अंगावरची मोटरसायकल उचलली. ती उचलेपर्यंत चहाच्या टपरीवरची माणसं येऊन पोचली होती.

"कोन चालवून रायला होता बे?"

"मी."

पहिल्या चापटीतच बाबांची टोपी उडाली. मग चपला, मग लाथा, मग कुणीतरी तुतारी, बैल हाकायची काठी, आणली. एक पांढऱ्या शर्टातला माणूस मला अजून दिसतो. त्याने आपली गाडी नीट स्टँडवर लावली, कुलूप घातलं, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, आणि मग तो मारायला आला. काय झालं हे त्याने कुणालाही विचारलं नाही. बाबा हातांनी डोकं झाकून रस्त्यावर बसले होते. काठी त्यांच्या मनगटावर पडली तो आवाज मला बंद काचेतून ऐकू आला.

मी चालवत होते, एवढं एकच वाक्य होतं. मला ते म्हणता आलं नाही. भीती होतीच, पण ती एकटी नव्हती, हे सांगून टाकते. माझ्या नावावर केस झाली की सोमवार गेला, लायसन गेलं, व्हिसाचीही काही खात्री नाही. बाबा लाथा खात होते आणि माझ्या डोक्यात सोमवार होता. याची लाज मला आजही वाटते.

दूधवाला कुशीवर पडून माझ्याकडे पाहत होता. स्टिअरिंगवर कोण होतं ते त्याने पाहिलं होतं. मी मान खाली घातली. तो माझ्याकडे बोट दाखवील म्हणून मी थिजून बसले होते.

"मरन ना तो!" तो जमिनीवरूनच ओरडला. "सोडा आता त्याले. मले दवाखान्यात न्या."

मारणाऱ्यांपैकीच एकाने आमची पिकअप चालवत अकोल्याला नेली. मागे, झेंडूच्या रिकाम्या पोत्यांवर, दूधवाला आणि बाबा शेजारी शेजारी कण्हत होते. दूधवाल्याच्या पायात रॉड घातला. तो आजही लंगडतो, आणि बाबा दर दिवाळीला त्याच्या घरी जातात. बाबांचे पुढचे दोन दात गेले, उजवं मनगट मोडलं, आणि केस त्यांच्या नावावर झाली. सोमवारी ते हात गळ्यात अडकवून माझ्यासोबत अमरावतीला आले. मी पहिल्या फटक्यात पास झाले. आईने पेढे वाटले. मला एकही गिळवला नाही.

अमेरिकेत काही महिने त्या परवान्यावर निभावलं, मग तिथलं लायसन काढणं भाग पडलं. टेस्ट छान चालली होती. शेवटच्या वळणावर सायकलवरची एक बाई अचानक आडवी आली. मी करकचून ब्रेक मारला. तिला धक्काही लागला नाही, हात हलवून ती निघून गेली. पण माझा बेल्ट निघालेला होता. गाडी चालू, गिअर तसाच, आणि मी बाजूला सरकत होते. बाजूला परीक्षक बसला होता. हातातले कागद छातीशी धरून तो दाराला चिकटला होता. त्याने मला तिथेच नापास केलं.

रागाने मी बाबांना फोन लावला.

"काऊन नापास झाली वं?"

"ब्रेक मारल्यावर बेल्ट काढला मी. अन् सरकली."

त्यांना समजलं होतं.

"पुढच्या खेपेले जाग्यावरच बसजो," ते म्हणाले. "तिथं बाजूले मी नाई."