अव्वांचं ‘या जेवायला’

गिऱ्हाइकाला माल कमी घ्यायला लावून धंदा वाढवणारी बाई साऱ्या बिदर जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीची सासू आहे. दुबलगुंडीत त्यांना सगळेच अव्वा म्हणतात, मीही म्हणतो. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर तुरीच्या रानातला माणूस ‘ओ’ देतो. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हा त्यांचा धंदा. बहिणीचे सासरे वारल्यावर दाजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांनी, पुण्याहून दर फोनला एकच धोशा लावला होता, की घराला कुलूप घाल आणि इकडे ये. अव्वा काही हलेनात. शेवटी मायलेकात तह झाला. दसऱ्यापर्यंत धंदा आपल्या पायावर उभा राहिला तर अव्वा दुबलगुंडीत, नाहीतर पुण्यात चौथ्या मजल्यावर. हा तह मोबाइलवर जिंकून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कलबुर्गीत मी छोट्या धंद्यासाठी सोशल मीडिया कसा वापरावा याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि चौथ्या दिवसापासून दिसेल त्याला शिकवत सुटलो होतो.

अव्वांना शिकवणं मात्र माझ्या बापजन्मात जमलं नसतं. नवा मोबाइल हातात दिला तर त्यांनी आधी तो देवापुढं ठेवला आणि पुढून-मागून विभूती लावली. नंतर रोज सकाळी पूजेला बसल्या की लिंगाची पूजा, मग कपाळ, मग मोबाइल. आठवडाभर त्यांच्या भाकरीचे फोटो धुक्यातून काढल्यासारखे यायचे. मी कलबुर्गीत बसून सेटिंग बदला, उजेडात बसा असं सांगून सांगून थकलो. शेवटी स्वतः गेलो आणि पाहतो तर कॅमेऱ्याच्या काचेवर बोटभर जाड विभूती. पुसायला गेलो तर त्या चिडल्या. मग आमच्यात असं ठरलं, की मोबाइलला विभूती लावायची, पण खालच्या अंगाला. फोटो स्वच्छ यायला लागले, आणि अव्वा आजही सांगतात की ते जागा बदलल्यामुळं नव्हे, पूजा चुकवली नाही म्हणून.

लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. लिहिलेल्यात माणसाचा आवाज येत नाही म्हणायच्या. त्यामुळं सगळा कारभार बोलून. सुरुवातीला ‘शरणु शरणार्थी’ असा नमस्कार, मग मराठीत घरची विचारपूस, मधेच चटणीकडं आलेल्या मांजराला कन्नडमध्ये शिव्या, आणि गिऱ्हाईक हैदराबादकडचं असलं तर ‘हौ बेटा, भेजतूं’. बेंगळुरूच्या एका बाईनं दोन किलो चटणी मागवली. अव्वांनी घरात माणसं किती ते विचारलं. नवरा-बायको दोघंच, असं कळल्यावर त्यांनी तिला अर्धा किलोवर आणलं, कारण महिनाभर पडलेल्या चटणीला वास येतो आणि नाव दुबलगुंडीचं जातं. एकदा हवा दमट होती, भाकऱ्या कडक झाल्या नाहीत, तर स्टेटसला त्या भाकऱ्यांचाच फोटो टाकून मोकळ्या झाल्या, की आजच्या भाकऱ्या मऊ हाईत, कुणी घेऊ नका. मी कपाळावर हात मारला. प्रशिक्षणात आम्हाला मालाची उत्तम बाजू पुढं करायला शिकवलं होतं. अव्वा पडती बाजू पुढं करायच्या आणि वर गिऱ्हाइकाची काळजी करायच्या. चटणी तिखट लागली अशी कुणा एकाची तक्रार आली, तर त्याला पोटात काय घ्यायचं ते सांगून दोन दिवसांनी पुन्हा फोन करून पोटाची चौकशी केली. तो भला माणूस आता दर महिन्याला चटणी मागवतो.

पण खरा घोळ झाला तो माझ्याच शिकवणीनं. रोज ठरल्या वेळी व्हिडिओ टाका आणि शेवटी बघणाऱ्याला काहीतरी करायला सांगा, हे मी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. वेळ त्यांनी दुपारी एकची धरली, कारण तेव्हा त्या जेवायला बसायच्या. ताट दाखवायच्या, भाकरी कुडकुड मोडून दाखवायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, ‘या जेवायला.’ मी म्हटलं, तसं नाही, ‘आजच मागवा’ म्हणा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी ताटात पाय ठेवला.

‘ताटावर बसून माणूस मागवा म्हनतो व्हय रे?’

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी जेवत असताना दारावरून कुणी गेलं तर जेवणारा ‘या जेवायला’ म्हणतो, आणि जाणारा ‘होऊ द्या’ म्हणून पुढं चालू लागतो. बोलावणाराही चुकत नाही आणि जाणाराही थांबत नाही. पण मोबाइलवर बघणाऱ्या परमुलखातल्या लोकांना ही रीत कुठली माहीत? पुणे-हैदराबाद रस्त्यानं जाणारं एक कुटुंब हुमनाबादला वळलं, विचारत विचारत दुबलगुंडीत आलं आणि दारात उभं राहून म्हणालं, की तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. अव्वांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि ताटं वाढली. पैसे घेतले नाहीत. त्या कुटुंबानं आणखी चौघांना सांगितलं. बघता बघता आठवड्यातून तीन-चार दुपारी अव्वांच्या पडवीत पंगत बसू लागली. डब्यात भरायची चटणी पानात जाऊ लागली, पार्सलं मागं पडली, आणि दसरा आठ दिवसांवर आला.

मी तावातावानं गेलो. दुपारची वेळ होती, आणि पडवीत पाचजण जेवत होते. मी अव्वांना आत बोलावून समजावतोय, इतक्यात दाजीच दारात उभे. हातात मोठी रिकामी सुटकेस, अव्वांचे कपडे भरून न्यायला आणलेली. पंगतीतल्या हैदराबादच्या बाईंना वाटलं, हे आपल्यासारखेच पाहुणे. त्यांनी सरकून जागा केली. अव्वांनी लेकापुढं ताट ठेवलं, आणि दाजी बसले. पहिली भाकरी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच विचारलं,

‘अव्वा, कामून फुकट खाऊ घालायलीस? असा धंदा चालतो का?’

‘बलावलं मी. बलावलेल्या माणसाकडून पैसे घेऊ?’

दाजी माझ्याकडं बघायला लागले आणि मी छताकडं. तेवढ्यात पंगत उठली आणि जो तो डबे मागू लागला. घेऊन जायच्या मालाचे पैसे घ्यायला अव्वांची हरकत नव्हती, फक्त चार डबे मागणाऱ्याला त्यांनी नेमाप्रमाणं दोनच दिले. दाजींनी अव्वांचा मोबाइल घेतला आणि आलेले निरोप ऐकत बसले. बहुतेक मागण्या एकाच वाक्यानं सुरू होत होत्या, की आम्ही तुमच्याकडं जेवून गेलो होतो, किंवा अमका जेवून गेला त्यानं सांगितलं. ऐकता ऐकता दाजींचा चहा गार झाला. इतक्या मागण्या होत्या की भाकरीला गल्लीतल्या आणखी दोघींना बोलवावं लागणार होतं. माझं तीन दिवसांचं प्रशिक्षण तिथल्या तिथं पाण्यात गेलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुटकेस पुण्याला गेली ती भाकऱ्यांनी भरून. अव्वा राहिल्या.

आता रोज दुपारी एकला व्हिडिओ येतो. दाजी पुण्याहून ‘होऊ द्या’ लिहितात, बहीण लिहिते, मी लिहितो. अव्वा पहिला घास हातात धरून कुणाकुणाचं आलं ते बघतात, आणि मगच तोंडात घालतात. मागं एकदा फोनवर मी त्यांना चिडवलं, की परक्या लोकांना आपली रीत कळत नाही म्हणून तुमचा धंदा चालला. त्या हसल्या. मग सहज म्हणाल्या, ‘तुम्हाला रीत माहीत हाय रे. म्हणून तुम्ही येत न्हाईत.’

आवाजात तक्रार नव्हती. कलबुर्गीहून दुबलगुंडी काही लांब नाही, बस बदलून गेलं तरी सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पोचतो. काल एक वाजता ऑफिसात ताट दिसलं, भाकरी मोडल्याचा आवाज आला, ‘या जेवायला’ ऐकू आलं. ‘होऊ द्या’ लिहायला घेतलं आणि बराच वेळ बोट तसंच राहिलं. पण तिकडं त्या घास धरून बसल्या असतील, हे ध्यानात आलं. मग लिहिलं, आणि डबा उघडला.