नकाशावरची माझी पोरगी

"तुझी मुलगी आत्ता कुठे आहे, सांग बरं?" मॅडमनी विचारलं.

मी स्वयंपाकाला जायचे त्या मॅडमकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉल बायकांनी भरला होता आणि मी फराळाच्या प्लेटा देत होते.

"घरी. अभ्यास करून राहिली असंन," मी म्हणाले.

मॅडमनी आपला फोन सगळ्यांना दाखवला. नकाशावर एक निळा ठिपका. "ही बघ. कांचघर मोहल्ल्यात!"

बायका हसल्या. एक म्हणाली, "बघा, आईलाच पत्ता नाही!" माझ्या हातात प्लेटा होत्या. जावं कुठं?

ज्याचा तो ठिपका, तो फोन आधी मॅडमच्या मुलीचा. तिला नवीन आला, जुना त्यांनी माझ्या प्रज्ञाला दिला. आत मुलांवर नजर ठेवायचं ॲप होतं. "राहू दे ते. मी दोघींवर लक्ष ठेवीन. या हिंदी मुलखात आपली मराठी माणसं आपण नाही तर कोण बघणार?" असं त्या म्हणाल्या होत्या. मला बरं वाटलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात असते मी. शिकलेलं कोणी लक्ष ठेवतंय तर ठेवू दे, असं वाटलं.

मग रात्री नऊला फोन आपोआप बंद व्हायला लागला. अभ्यासाचं काही घ्यायचं झालं की परवानगी मॅडमची. वकिलीच्या परीक्षेचं ॲप त्यांनी नाकारलं. "नर्सिंगचं बघ म्हणावं, झेपेल तेवढंच." मी मान हलवली. भांडायला अंगात जोर लागतो, आणि संध्याकाळपर्यंत माझ्यात तो उरत नाही.

त्या दिवशी मॅडमनी ठिपका बोटांनी मोठा केला. "विहार आहे हा. तुमच्या लोकांचा. नको ते डोक्यात भरवतात तिथे." आणि तिथेच सोफ्यावर बसून त्यांनी माझ्या पोरीचा फोन बंद केला. पुढच्या बाईला वाण दिलं.

मी म्हणाले, "जी, मॅडम."

काम आटपून पिशवीतला माझा फोन काढला. कामाच्या वेळी तो पिशवीतच ठेवायचा, हा त्या घरचा नियम. प्रज्ञाचे दोन फोन येऊन गेले होते. मला सांगायलाच केले होते तिनं. विहारात दर रविवारी आमच्यातली शिकलेली पोरं फुकट शिकवतात. त्या दिवशी रविवार नसतानाही अचानक फोनवर टेस्ट ठेवली होती.

घरी ती बंद फोन पुढ्यात ठेवून बसली होती. "मम्मी, टेस्ट के बीच में बंद हो गया. सर पूछ रहे थे क्या हुआ. मैं क्या बोलती?"

ती रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी करते ना मी!"

"मॅडम, तिची माय मी आहो. तुम्ही नाही."

"मग दुसरं घर बघ."

"बघतो."

शूरवीर काही वाटलं नाही. नुसता संताप होता, आणि थकवा.

आता दुसऱ्या घरी पोळ्या करते. परवा इथल्या गोरखपूर बाजारातल्या दुकानात जुना फोन घेतला, प्रज्ञा सोबत होती. दुकानदार म्हणाला, "दीदी, बच्ची पे नज़र रखने वाला ऐप डाल दूँ? सब डलवाते हैं."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? जवान पोरगी, हे शहर, आणि मी दिवसभर बाहेर.

"नहीं भैया," मी म्हणाले.

मी तिला विचारीन. ती सांगेल ते ऐकीन. नाही सांगितलं तर दारात उभी राहून वाट बघीन, जीव कितीही टांगणीला लागला तरी. पण माझ्या पोरीनं कुठं जावं आणि काय व्हावं, याची परवानगी ती यापुढे कोणाकडेही मागणार नाही. माझ्याकडेसुद्धा नाही.