कोबा फोडला तो दिवस

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. इचलकरंजीतल्या त्या बाईचं प्रकरण मात्र वेगळं राहिलं आहे. ती अजून सापडलेली नाही, म्हणून इथे कुणाचंच नाव लिहीत नाही.

मी तेव्हा तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका बुधवारी सकाळी एक यंत्रमागवाला आला. त्याची भावजय आदल्या दिवसापासून घरी नव्हती. बाई पस्तिशीची, दोन वर्षांपूर्वी नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मोबाईल घरातच ठेवून गेली होती. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल करून वर्णन लिहून घेतलं. त्यात उजव्या मनगटावर तुळशीचं गोंदण असल्याचीही नोंद होती. माहेर, दवाखाने, नदीकाठ, सगळीकडे माणसं पाठवली. कोल्हापूरच्या स्टँडवरचं सीसीटीव्ही फुटेज बघायला दोन अंमलदार नेमले.

आठवड्याभरात ठाण्यात एक निवृत्त गणित शिक्षक आले. स्वच्छ शर्ट, हातात फाईल, बोलणं अदबीचं. ते मोबाईलवर व्हिडिओ करायचे आणि बेपत्ता माणसांच्या प्रकरणांवर आपले तर्क मांडायचे. त्यांची मांडणी अशी होती: सोमवारी संध्याकाळी दीर-भावजयीचं कडाक्याचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं. मंगळवारी सकाळी सातनंतर तिचा मोबाईल कुणी वापरला नाही. आणि दिराच्या मागाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात नवा कोबा घातलेला आहे. म्हणजे बाईला मंगळवारी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मारलं आणि तिथेच पुरलं. कोब्याचा फोटो त्यांनी लाल गोल काढून दाखवला. हाच व्हिडिओ आदल्या दिवशी गावभर फिरला होता.

मी दिराला चौकशीला बोलावलं. दोन दिवस तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले. खोटं बोलणारा माणूस बहुधा तपशील वाढवत नेतो, असा माझा अनुभव. हा वाढवत नव्हता.

"नवऱ्याचे माग इकून येगळं ऱ्हानार म्हनत हुती," तो म्हणाला. "मी शिव्या दिल्या, ते खोटं न्हाय साहेब. पर हात लावला न्हाय."

कोबा कशाला, तर नव्या मागाच्या पायासाठी. गवंड्याचा जबाब घेतला. त्याने काम सोमवारी सकाळीच पुरं झाल्याचं सांगितलं, म्हणजे भांडणाच्याही आधी. जबाबावर त्याचा अंगठा आहे. पण गवंडी दिराच्या ओळखीचाच, असं म्हणून मी तो जबाब बाजूला ठेवला. खरं कारण वेगळं होतं. ठाण्याबाहेर रोज माणसं जमत होती, वरून फोन येत होते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: पोलीस कोबा का फोडत नाहीत?

मी फोडायचं ठरवलं. बंदोबस्ताला माणसं कमी पडली, म्हणून कोल्हापूरला फुटेज बघायला पाठवलेले दोघे काम अर्धवट असतानाच परत बोलावले. दोन पंच, फोटोग्राफर, ब्रेकर मशीन. समोरच्या गच्च्यांवर बायका-माणसं उभी होती, कित्येकांच्या हातात मोबाईल. दिराची बारावीतली मुलगी दाराची चौकट धरून उभी होती. पाच फूट खोल गेलो. काळी माती आणि जुन्या विटा निघाल्या. तसा पंचनामा केला.

बाहेर आल्यावर पत्रकारांनी विचारलं, काय सापडलं? मी म्हणालो, "तपास सुरू आहे."

असं बोलायची सवय असते. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की संशय कायम आहे. पुढचा व्हिडिओ आला, त्यात प्रेत आधीच हलवल्याचा तर्क होता. कामगार दिराच्या शेडवर येईनासे झाले. मुलीने कॉलेज सोडलं. महिन्याभरात माग विकून ते कुटुंब निघून गेलं.

चार महिन्यांनी मुरगूडची एक कासारीण माझ्याकडे आली. हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला ती तिकडच्या ठाण्यात गेली होती. तिथल्या फलकावरच्या आमच्या पत्रकात तिने गोंदणाचा उल्लेख वाचला. त्या मंगळवारी दुपारी ती इचलकरंजीत माल घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसली होती. शेजारच्या बाईने टोपलीतल्या बांगड्या बघितल्या आणि दोन वर्षांनी भरतेय म्हणत हात पुढे केला. त्याच हातावर तुळस होती. बाईने तिला सांगितलं होतं की पुढे कर्नाटकात जाणार, आता परत यायचं नाही.

मी विचारलं, तेव्हाच का आला नाहीत?

"व्हिडिओत फोटो बघितल्ता की साहेब. पर मास्तर म्हनत हुते, सकाळी नवाच्या आत मारली. मग दुपारी माझ्याशेजारी बसलेली ती कशी असंल? म्हटलं, मलाच भास झाला."

त्याच दिवशी कोल्हापूर गाठलं. स्टँडवरचं चार महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग कधीच पुसलं गेलं होतं. सीमेपलीकडच्या ठाण्यांना फोटो पाठवले, निपाणी-बेळगावला माणसं फिरली. हाती काही लागलं नाही.

शिक्षकांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, मी फक्त प्रश्न विचारले होते. घरी जाऊन त्यांनी व्हिडिओ काढून टाकले, पण तोवर ते शेकडो मोबाईलवर पोचले होते. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही. त्यांच्याकडे गवंड्याचा जबाब नव्हता. माझ्याकडे होता.

निवृत्तीनंतर कागलला एका लग्नात तो दीर भेटला. दुसऱ्याच्या शेडमध्ये नोकरी करतो. मी होऊन बोललो, त्या व्हिडिओंनी तुमचं फार नुकसान केलं. त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"व्हिडिओ तुमी केला न्हाईसा, ठावं हाय मला. पर लोकं व्हिडिओ बघून नुसती कुजबुजत हुती. कोबा तुमी फोडलासा, तवा त्यास्नी खरं वाटलं."

 तो जेवायला निघून गेला.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला हे इतक्या उशिरा कळलं. लोक तर्क करणारच, त्यांना कोण अडवणार? पण आपण वर्दीत त्या तर्कामागे चार पावलं चाललो की लोक त्यालाच पुरावा समजतात. मग खरं बघितलेला माणूससुद्धा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

ती बाई आज जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या दिराविरुद्ध काही नाही, हे मात्र मला त्या खड्ड्याच्या काठावर उभा असतानाच कळलं होतं. बाहेर माणसं वाट बघत होती, आणि मी ते सांगितलं नाही.