एकवीस डॉलरचे पेढे

माझ्या नवऱ्याच्या पोटात कुठलीच गोष्ट टिकत नाही. माझ्या वाढदिवसाचं सरप्राइज तो मलाच आठवडाभर आधी सांगतो आणि वर बजावतो, की त्या दिवशी नवल वाटल्यासारखा चेहरा कर. एरवी मी हसते. पण घराच्या क्लोजिंगच्या आठवड्यात त्याच्या या गुणाने आम्हाला जे काही दाखवलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं, आणि मग लगेच हसूही येतं. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू?

त्या घराची गोष्ट आधी सांगायला हवी. मिसिसागात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दोन बेडरूम, एकीत आम्ही, एकीत मुलगी. माझे बाबा आईच्या मागे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ही दोन वर्षं ते हॉलमधल्या सोफा-बेडवर झोपत होते. आम्ही टीव्ही बंद करेपर्यंत जागे. सकाळी मुलीची शाळेची गडबड सुरू व्हायच्या आत उठून गादीची घडी. कोणी पाहुणे आले की उठून खुर्चीत. ऑर्डनन्स फॅक्टरीत उभा जन्म काढलेला माणूस, गुडघे पार गेलेले, त्यामुळे हिवाळ्यात जिना उतरणं बंद. तक्रार एका शब्दाने नाही. ती त्यांनी केली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून आम्ही टाउनहाउस घेत होतो. छोटंसं, जुनं, किचन तर बघवत नव्हतं. पण तळमजल्यावर एक खोली होती आणि खोलीला लागून वॉशरूम. मी ती खोली बघितली आणि बाकी काही बघितलंच नाही. शुक्रवारी क्लोजिंग होतं, म्हणजे पैसे पूर्ण देऊन ताबा घ्यायचा दिवस. गुरुवारपर्यंत सगळी रक्कम वकिलाकडे पोचली नाही तर घर जाणार आणि भरलेलं डिपॉझिटही जाणार. त्यासाठी आमची होती नव्हती ती सगळी बचत आम्ही एका खात्यात आणून ठेवली होती.

त्याच खात्यात सोमवारी दुपारी अठरा हजार डॉलर आले.

झालं होतं असं, की ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने माझा नवरा हॉकीवर ऑनलाइन बेट लावायचा. सरकारमान्य साइट, महिन्याला दहा-वीस डॉलर, लपवाछपवी काही नाही. मला ठाऊक होतं, आणि मी त्याला उठता-बसता टोचायची. हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. त्याने पाच टीम निवडल्या, त्यातल्या दोन तर जर्सीचा रंग आवडला म्हणून, आणि पाचही जिंकल्या. साइटने पैसे सरळ बँकेत पाठवले. मी विमानतळाजवळच्या आमच्या लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात होते. फोन आला तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन दार लावून हसले. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. नवं किचन डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आता इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. आमचा हा पठ्ठ्या उठला आणि पेढे वाटायला निघाला.

आमच्याकडे आनंद झाला की पेढे वाटायचे, याला पर्याय नाही. नागपूरला याची दहावी झाली तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या लाइनीत घरोघर पेढे दिले होते. पण इथे आमच्या लोकांचं जे मंडळ आहे, त्यातली माणसं कुठे कुठे पसरलेली. कोणी ब्रॅम्प्टनला, कोणी किचनरला, दोन घरं थेट विंडसरला. बाहेर बर्फ. मग याने डोकं चालवलं. प्रत्येक घराला एकवीस डॉलर ई-ट्रान्सफर, सोबत मेसेज: पेढ्यांसाठी, तोंड गोड करा. मंडळाची यादी उघडून वरपासून खालपर्यंत, एकामागून एक, चाळीसेक घरं. त्यात मंडळातले विद्यार्थी आले, अध्यक्षकाका आले. बाबांचंही इथे छोटंसं खातं आहे, तर हॉलमध्ये समोर बसलेल्या बाबांनाही पाठवले.

घंटाभरात खातं लॉक.

मी घरी आले तेव्हा हा सोफ्यावर फोन घेऊन बसलेला, चेहरा उतरलेला. बाबा खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. जुगाराचं त्यांना वावडं. फॅक्टरीच्या वसाहतीत पगाराच्या दिवशी पत्ते कुटणाऱ्यांच्या बायका दारात उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पैसे कुठून आले हे कळल्यापासून ते जावयाशी बोलत नव्हते आणि त्यांनी फोनवर बटण दाबून ते एकवीस डॉलर स्वीकारलेही नव्हते. मुलगी म्हणाली, "आर वी लूजिंग द हाउस?" मग मात्र मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बावळट हा त्यातला सगळ्यात मऊ शब्द.

मंगळवारी सुट्टी टाकून दोघं बँकेच्या शाखेत गेलो. मॅनेजर बाई पंजाबी, माझ्याच वयाची. सुरुवातीला सगळं कडक इंग्रजीत. मी जातानाच भांडायच्या तयारीत होते. मला वाटत होतं की जुगाराचे पैसे म्हणून बँकेने नाक मुरडलं. बाईने आधी पाणी दिलं आणि मग शांतपणे समजावलं, की जिंकलेल्या पैशांचं बँकेला काही वाटत नाही, असे पैसे लोकांच्या खात्यात येतातच. साइट मान्यताप्राप्त आहे का, पैसे ज्याच्या नावाने जिंकले त्याच्याच खात्यात आले का, एवढं बघतात. हौसेने खेळणाऱ्याला त्यावर टॅक्सही नाही. कर्ज देताना खात्यात रोजच्या रोज बेटिंगच्या नोंदी दिसल्या तर भुवया वर जातात, पण दहा डॉलरवाल्याला कोण विचारतंय?

मग अडचण कसली, मी विचारलं. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. बेटिंग साइटवरून मोठी रक्कम आली, आणि ती येताच सारख्याच आकड्याची चाळीसेक ट्रान्सफर चाळीस वेगवेगळ्या लोकांना गेली. काळा पैसा पांढरा करणारे नेमकं हेच करतात म्हणे. त्यांच्या कॉम्प्युटरने घंटी वाजवली, आता फ्रॉड विभागाचं समाधान झाल्याशिवाय कुलूप निघणार नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे पाहत होता.

आम्ही साइटवरचं त्याचं पान उघडून दाखवलं, बेट, निकाल, पैसे काढल्याची नोंद, सगळं. बाईने ते पुढे पाठवलं. पेढा म्हणजे काय हे मी सांगायला गेले तर ती हिंदीवर आली आणि म्हणाली, "मुझे मत समझाओ, मैं तो लड्डू बाँटती हूँ. उनको समझाना है." उद्या परत या म्हणाली. मला जरा धीर आला.

तो धीर संध्याकाळपर्यंत टिकला. कारण आमच्या ह्याने काय करावं? मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, की पेढ्यांच्या पैशांमुळे खातं लॉक झालंय, घराचं क्लोजिंग अडकलंय, शुक्रवारी घर हातचं जाईल. झालं. आमच्या लोकांना एवढंच कळलं, की यांना पैशांची अडचण आहे. विंडसरवाल्यांनी एकवीस परत पाठवले. किचनरवाल्यांनी एकवीसचे एकावन्न करून पाठवले. मग ज्याला त्याला चेवच आला. वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करून कॉलेजची फी भरणाऱ्या एका पोरीने शंभर पाठवले आणि लिहिलं, "वहिनी, टेन्शन नका घेऊ, आम्ही आहोत ना." खात्यातून पैसे बाहेर जात नव्हते, पण आत मात्र बिनबोभाट येत होते.

मी कपाळावर हात मारला. आणि खरं सांगते, तो शंभरचा मेसेज वाचून मला रडू आलं. इतक्या चांगल्या माणसांवर ओरडायचं तरी कसं? शेवटी मीच ग्रुपवर लिहिलं: जय भीम, हात जोडते, कोणी एक सेंटसुद्धा पाठवू नका.

बुधवारी बाईने स्क्रीन बघितली आणि चष्मा काढून ठेवला. "अब ये क्या है?" तिने विचारलं. चाळीस लोकांना गेलेला पैसा त्याच चाळीस लोकांकडून परत येतोय, तोही वाढून. फ्रॉड विभागाच्या लेखी आमचं प्रकरण आता फारच पक्कं झालं होतं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. यादीतल्या काही लोकांना ते स्वतः फोन करणार, आणि पैसे मिळालेल्यांपैकी निदान एकाने ओळखपत्र घेऊन शाखेत यावं. याच शाखेत ज्याचं खातं असेल तो आला तर उत्तम. यादीत असा एकच माणूस होता. आमच्या हॉलमध्ये बसलेला, जावयाशी न बोलणारा आणि जिना न उतरणारा.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. चला असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, कोट चढवला, टोपी घातली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. एकेक पायरी बसत बसत, हातावर जोर देत खाली सरकायला लागले. माझा नवरा पुढे धावला. बाबांनी हात झटकला नाही, त्याच्या खांद्यावर ठेवला. मी मागे त्यांची काठी घेऊन उभी होते आणि माझ्याने ते बघवत नव्हतं.

शाखेत बाईने फोन स्पीकरवर लावला. पलीकडे फ्रॉड विभागाचा माणूस, ऑटवाचा की कुठला, आवाजाने तरुण. त्याने आधी अध्यक्षकाकांना फोन केला होता म्हणे, आणि काकांनी त्याला पेढा, मंडळ आणि मंडळाचा इतिहास एवढं सगळं इंग्रजीतून ऐकवलं होतं. तो बिचारा दमलेला वाटत होता. त्याने विचारलं, की हे पैसे तुम्हाला का पाठवले, आणि तुम्ही अजून ते घेतले का नाहीत.

बाबा ताठ बसले. इंग्रजी त्यांना कळतं, पण रागाचं बोलणं ते आपल्या नागपुरी हिंदीतच करतात. ते बाईकडे वळले.

"मॅडम, मेरेको जुगार बिलकुल पसंद नही, इसलिए नही लिए. जमाई को मैं दो दिन से बोला भी नही. पर एक बात लिख लो. जो आदमी एक घंटा बात पेट में नही रख सकता, वो पैसा क्या छुपाएगा?"

बाई हसू दाबत होती. तिने ते इंग्रजीत पलीकडे सांगितलं. पलीकडे तो मुलगा जोरात हसला. हसत हसतच त्याने सांगितलं, की साइटच्या नोंदी जुळल्यात, लोकांच्या फोनवरची उत्तरंही सगळी सारखीच आहेत, आणि परत आलेले पैसे ज्याचे त्याला देऊन टाका, पण दिवसाला चार-पाच करून, मेहरबानी करून एकदम नको. गुरुवारी सकाळी खातं उघडलं. दुपारी वकिलाकडे पैसे पोचले. मी बँकेच्या पार्किंगमध्ये नवऱ्याला मिठी मारली, आणि मग एक चापटीही दिली.

शुक्रवारी किल्ल्या मिळाल्या, शनिवारी सामान हललं. मंडळातली निम्मी माणसं आली होती, कोणी फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढतंय, कोणी खोके वाहतंय, काका सगळ्यांना सूचना देतायत. येताना जो तो पेढे घेऊन आला होता. किचनच्या ओट्यावर डब्यांना जागा उरली नाही. माझा नवरा प्रत्येकाला हॉकी समजावून सांगत होता, बाबाही कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते, आणि एकदा तर त्यांनी विचारलं, की रंग बघून टीम निवडली हे खरं का. घरात इतका गोंधळ मी आई गेल्यापासून पहिल्यांदा ऐकला. मला फार फार बरं वाटलं.

दुपारी मी जेवायला बोलवायला बाबांच्या खोलीकडे गेले. दार बंद होतं. मी सवयीने सरळ आत शिरणार होते, पण थांबले आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे बाबा."

"थांब जरा."

मी थांबले. वाटलं कपडे बदलत असतील. आतून काहीच आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हां, ये आता."

बाबा पलंगावर नुसते बसले होते, हात मांड्यांवर ठेवून, तोच शर्ट, तीच टोपी.

"काय करत होते बाबा?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "कोणालातरी थांब म्हणून पाहावंसं वाटलं."