देवापुढं सोडलेला शॉकअप

डॉक्टरची नक्कल मला पहिल्याच दिवशी जमली. चष्मा कपाळावर चढवायचा, खुर्ची मागं झुकवायची आन् झोपेतून उठल्यासारखं म्हणायचं, "धक्का... बसता कामा नये." दवाखान्याच्या जिन्यात आबांना, माझ्या वडलांना, करून दाखवली तर ते हसले न्हाईत. मायला दाखवायची तर बंदीच होती. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्तं, हसलं की टाके ओढायचे. मला सगळ्या जगात येती एक गोष्ट, आन् तीच नेमकी माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला मनाई.

माय कापसाच्या ट्रॉलीवरून पडल्ती. आम्ही तिला आमच्या जुन्या जीपमध्ये मागं आडवी टाकून जालन्याला नेलं. जीपचे मागचे शॉकअप कधीचेच मेलेले. आमची वस्ती शेतात, डांबरीपासून बरीच आत, मधी नाला, त्याच्यावर पूल न्हाई. त्या नाल्यात जीप अशी आदळली की मायनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं आवाजच केला न्हाई, आन् मी तसाच पुढं चालवत राह्यलो.

आता त्याच नाल्यातून तिला परत आणायची होती. अँब्युलन्सवाला म्हणला, डांबरीपर्यंत सोडतो, पुढं तुम्ही आन् तुमचं नशीब. जालन्यात मावशीचं घर हाये, पण ते वरच्या मजल्यावर, आन् डॉक्टरनं जिना बंद केल्ता. म्हणजे जीपच. म्हणून मी मागचे दोन नवे शॉकअप घेऊन आल्तो. आमची गाडी दुरुस्त करणारा बदनापूरचा चाचा लग्नाला गेल्ता. तो फोनवर म्हणला, दो घंटे का काम है बेटा, घर पे कर लो, अटक गए तो मेरे कू फोन करो. संध्याकाळी मायला सुट्टी होती. आम्ही सकाळीच बसलो.

बसलो म्हणजे आधी देवापुढं बसलो. आमच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकू लावल्याबिगर वापरत न्हाईत. पंखा आला, मिक्सर आला, फवारणीचा पंप आला, सगळे देवाला भेटून मंग कामाला लागले. शॉकअप गॅसचे होते. दाबून बसवलेले, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधलेली. मी ते पाटावर आडवे ठेवले. आबांनी विळा घेतला आन् नेहमीचं वाक्य म्हणले, "बांधलेली वस्तू देवापुढं ठेवत न्हाईत." मिक्सरच्या खोक्याची दोरी कापतानी हेच, पंखा सोडतानी हेच. दोन्ही पट्ट्या कापल्या, हळदीकुंकू वाहिलं, डोळे मिटून हात जोडले.

मी डोळे मिटले न्हव्हते. मला दिसलं की शॉकअप आपोआप लांब होऊन राह्यलेत. हळूहळू, आळस देणाऱ्या बैलावानी. एकानं निरांजन सरकवलं, दुसऱ्यानं नारळ ढकलून दिला. आबांनी डोळे उघडले तवा नारळ दाराकडं चालला होता. त्यांना वाटलं काहीतरी चांगला शकून हाये. मलाबी वाटलं असतं, पण हसू आलं.

ते हसू जीपखाली जिरलं. जुने नट गंजून एकजीव झाल्ते. डिझेल ओतलं, हातोडा मारला, पाना सटकून माझी बोटं सोलली. दुपार होता होता जुने निघाले. मंग नवा लावायला घेतला तर वरची कडी बसली आन् खालची बोल्टच्या चांगली वीतभर खाली. दाबला तर जाय, सोडला की परत बाहेर. चाचाला फोन लावला. मागं बँड वाजत होता. मी सांगितलं तसा बँडसकट चाचा गप झाला.

"पट्टी काट दी?" तो म्हणला. "अरे, वो तो फिट होने के बाद काटते."

फोन स्पीकरवर होता. आबा जीपच्या चाकाला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच न्हाई.

चाचानं सांगितलं, गाडी अजून उचलो, चाकं लटकली की जागा बनेगी. पण आमच्या अंगणात काळी माती. जॅक फिरवला तर गाडी वर जायची सोडून जॅकच फळीसकट खाली चालला. मी अजून दोन फळ्या घातल्या, त्याबी मातीनं गिळल्या. उन्हं कलली होती. मी जीपखाली उताणा पडलो आन् मला त्या दिवशीचा पदराचा बोळा दिसायला लागला. म्हणलं, आबा, आपण तिला जुन्यावरच आणू, लई हळू चालवू. आवाज माझाच होता, पण कुणाचीतरी खराब नक्कल केल्यासारखा वाटला.

आबा उठले. गोठ्यातून कासरा आणला. शॉकअप धुण्याच्या दगडावर उभा केला, वर गोणपाटाची घडी ठेवली आन् कापसाचं गाठोडं दाबतात तसं छातीनं त्याच्यावर पडले. मला म्हणले, गुंडाळ. पहिल्या खेपेला माझा हात चुकला. दांडा सुटला आन् त्यांच्या हनुवटीवर बसला. रक्त आलं. त्यांनी ते बाहीला पुसलं आन् परत पडले. ह्या खेपेला मी कासरा नीट आवळला, त्यांनी बैलाला मारतात ती सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी. तसाच बांधलेला शॉकअप जीपखाली घेतला, दोन्ही बोल्ट आत घातले, आन् आबांनी कासरा ओढला. शॉकअप फुसकारला आन् आपल्या जागेत ताठला. दुसराबी तसाच.

दवाखान्यात डॉक्टरनं परत चष्मा वर केला आन् तेच सांगितलं. मायला मागं गादीवर निजवलं. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती त्यांच्या हनुवटीकडं बघत राह्यली, मंग उशाशी पडलेल्या कासऱ्याकडं.

"कासरा काऊन हाये गाडीत?"

आबा म्हणले, असाच, नवे शॉकअप बसवतानी राह्यला. मी गाडी चालू केली.

डांबरीवर काही कळत न्हाई. वस्तीचा रस्ता लागला तशी मी गाडी सावकाश घेतली. नाल्याच्या काठावर थांबलो, फोर-व्हील टाकून जोर पुढच्या चाकांनाबी दिला, पहिला गिअर. पुढची चाकं उतरली. मंग मागची. गाडी खाली बसली, डावीकडं कलली, दम घेतला आन् वर आली. पण मागून आवाज न्हाई. एकबी न्हाई. गेल्या टायमालाबी असाच न्हव्हता. मागं वळून बघायची माझी हिंमत होईना.

वर चढलो तवा मागून आबांचा आवाज आला, "बांधलेली वस्तू देवापुढं ठेवत न्हाईत."

मी आरशात पाह्यलं. आबांचे ओठ मिटलेले होते. ते खाली मान घालून मांडीवरच्या डोक्याकडं बघून राह्यले होते. माझा पाय क्लचवरून सटकला, गाडी बंद पडली.

"चालव आता," माय आता तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणली. "धक्का न्हाई बसला. आन् ह्यांना सांग, दुसरीकडं बघा म्हणाव. मला हसू येऊन राह्यलं."