रेल्वेगाडीला आमच्या धोट्याचं नाव

मंडळातल्या बायांनो, फळा पुसू नका, आधी वाचा. सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझी लेक मालन आज सासरी निघाली, म्हणून स्टेशनवर गेले होते. तिला माघारी कधी धाडणार हे जावई सरळ सांगत नव्हते, त्यानं मी आधीच तापलेले. कुठल्या गाडीनं जाणार विचारलं, तर म्हणाले, "शटलनं."

मी म्हटलं, "चेष्टा करताय व्हय? शटल म्हंजे मागावर आडवं सूत नेणारा धोटा. त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरून माझी बोटं झिजली."

जावई शाळेत इंग्रजी शिकवतात. हसून म्हणाले, "मामी, त्या धोट्यावरनंच गाडीला नाव पडलंय की. इकडनं तिकडं जायचं, लगेच माघारी यायचं."

एवढं मोठं धूड, आणि नाव आमच्या हातातल्या लाकडाचं!

वर म्हणाले, लई जुन्या इंग्रजीत हा शब्द बाणाला होता. अंगावर काटाच आला बघा. बाण सुटला की गेला. त्याला माघारी यायला लावलं ते कुणा विणकरानं, धोट्याला बाणाचं नाव देऊन, तेही सातासमुद्रापार!

शिट्टी झाली तशी मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "मग माझ्या लेकीला बाणासारखं नेऊ नका, धोट्यासारखं न्या."

मालन पदराआड हसली. जावई म्हणाले, "पंचमीला आणून सोडतो, मामी."

बायांनो, आपण रोज बोलतो त्या शब्दांच्या पोटात आणखी काय काय असेल? कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. खडू तिथंच ठेवलाय.