वेशीवरचा बार

आमची पलटण तेव्हा पठाणकोटच्या बाजूला होती आणि मी नायक होतो. सत्तरच्या दशकाचा शेवट. भाचीच्या लग्नासाठी सालाना रजा मागितली आणि ती चक्क मिळाली. बेळगावला रेल्वेतून उतरलो, बसनं निपाणी, तिथून दुसऱ्या बसनं गाव. आमचं गाव सदलग्याच्या अलीकडं, तंबाखूच्या पट्ट्यात.

लोकांची एक समजूत काही केल्या जात नाही. फौजी रजेवर आला म्हणजे त्याच्या ट्रंकेत बंदूक असणारच. अहो, ट्रंकेत असतो कॅन्टीनचा साबण आणि झालीच तर एखादी रमची बाटली. रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करूनच रजेचा कागद हातात पडतो. घरी येणारा फौजी तुमच्याइतकाच रिकाम्या हाताचा असतो.

त्या वर्षी गावही रिकाम्या हाताचं होतं. उसात डुकरं शिरतात म्हणून चार-दोन शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बाराबोरी बंदुका होत्या. माझ्या दाजींकडे, म्हणजे आक्काच्या नवऱ्याकडे, एक होती. पण निवडणूक लागली होती. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. त्या सगळ्या वेशीजवळच्या चौकीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या. ट्रिगर गार्डमधून एकच साखळी ओवलेली आणि साखळीला एकच कुलूप. चौकीची स्वतःची रायफलही त्याच साखळीत. किल्ली हवालदारसाहेबांच्या कमरेला, आणि हवालदारसाहेब बंदोबस्ताला चिकोडीला. मागे राहिला कॉन्स्टेबल इरापा.

मी त्याला म्हटलं, "इरापा, मागं एवढ्या बंदुका आणि हातात काठी?"

"हुकूम हाय, अण्णा."

हुकूम म्हटल्यावर मी फौजी माणूस, आल्या पावली घरी वळलो.

आमच्या गावात लग्नाची एक पद्धत होती. नवरदेवाची गाडी वेशीवर आली की मुलीकडचा माणूस बंदुकीचा बार काढायचा. तो ऐकला की मुलीची आई आरतीचं ताट घेऊन, मागे सुवासिनी घेऊन, सीमांतपूजनाला वेशीकडे निघायची. आणखी कुणी सांगायला येत नसे.

आक्का, नावानं हौसाबाई, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. भरतीला गेलो तेव्हा बसमध्ये भाकरी आणून देणारी तीच. लग्नाच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन चौकीवर गेली.

"इरापा, एक बार तरी काढू दे की रं. थोरलीच्या लग्नात झालता, हिच्या लग्नात न्हाय? पाव्हणं काय म्हनतील?"

"निवडणूक हाय, आक्का. किल्ली माझ्याकडं कुटं हाय?"

"तुला जमंल. तू लई हुशार हायस."

इरापा हसला. "बघतो, आक्का," म्हणाला.

आमच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, तेव्हा बघतो म्हणतात. मला ते कळलं. इरापालाही तेच म्हणायचं होतं. आक्का मात्र खूश होऊन घरी आली आणि सगळ्या बायकांना सांगत सुटली की इरापा बघतो म्हणालाय. लेकीच्या लग्नात आईला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी चौकीच्या पायरीवर इरापाशी गप्पा मारत वऱ्हाडाच्या बसची वाट बघत होतो. चौकीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे एका व्यापाऱ्याची तंबाखूची वखार. वखार आणि चौकीच्या मधोमध, वेशीतून, गावातली गल्ली रस्त्याला मिळते; आक्काचं घर त्याच गल्लीत. एवढं ध्यानात ठेवा.

वखारीसमोर एक जीप थांबली आणि चारजण आत गेले. गिऱ्हाईक असेल म्हणून आम्ही पाहिलंही नाही. थोड्या वेळानं वखारीचा दिवाणजी मागच्या भिंतीवरून उडी टाकून धावत आला. डोक्यातून रक्त.

"मालकाला मारत्यात! बंदुका हायत त्यांच्याकडं! मारून टाकतील त्यास्नी!"

इरापानं त्याला पोस्टात पिटाळलं. गावात फोन तेवढाच. दिवाणजी परत आला. "सदलग्याच्या ठाण्यात फोन लागला. पोलिसांची जीप बंदोबस्ताला गेलीया. तासभर लागंल म्हनत्यात."

वखारीतून माणूस गुरासारखा ओरडत होता. तासभर!

मी इरापाला म्हटलं, "कुलूप तोड."

"बेडा री, अण्णा," तो म्हणाला. नको, म्हणजे. "नोकरी जाईल."

"तो माणूस जाईल त्याचं काय?"

इरापानंच कोपऱ्यातली पहार उचलली. दोघांनी मिळून कुलूप तोडलं. दाजींची बाराबोरी माझ्या हाताला लागली, पण काडतुसं कुठं? लोकांनी बंदुका जमा केल्या होत्या, काडतुसं घरी फडताळात. गोळ्या होत्या फक्त चौकीच्या रायफलच्या.

"रायफल मला दे," मी म्हटलं.

"न्हाय. माझ्या नावावर हाय." इरापानं राउंड भरला.

त्याचं बरोबर होतं. आम्हा दोघांचं शिक्षण मात्र वेगळं. पलटणीत शिकवतात, दिसला की नेम धर. पोलिसाला शिकवतात, आधी हाळी दे, मग हवेत गोळी झाड, मग गुडघ्याखाली. शत्रू आणि माणूस यात फरक आहे, म्हणून हा नियम. नियम चांगला आहे, आजही म्हणतो.

आम्ही चौकीच्या कट्ट्याआड पोझिशन घेतली. चौघं वखारीतून बाहेर पडत होते. दोघांच्या हातात गावठी बंदुका, एकाच्या हातात गाठोडं, आणि चौथा मालकाला फरफटत जीपकडे ओढत होता.

इरापा ओरडला, "पोलीस! बंदुका खाली टाका!"

त्यांनी ऐकलं नाही. इरापानं रायफल वर केली आणि हवेत गोळी झाडली.

बार झाला.

मालकाला तिथंच टाकून ते जीपमागे दबले. इरापानं बोल्ट ओढला, आता खाली नेम. तेवढ्यात गल्लीतून हलगी ऐकू आली. मला काही उमगेना. हलगी कशी वाजते? मग बांगड्या, बायकांचा हसण्याचा आवाज, आणि गल्लीच्या तोंडाशी आक्का. हिरवा शालू, हातात आरतीचं ताट, निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरलेला. मागे सगळ्या सुवासिनी. नेमकी आमच्या आणि त्यांच्या मधोमध.

"आक्का! खाली पड! खाली!"

फौजेत "डाऊन" म्हटलं की माणूस विचार न करता पडतो. आक्का थांबली आणि हसून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय.

जीपमागून दोन आवाज आले. इरापाला झाडता येईना, समोर बायका होत्या. जीप सुरू झाली आणि निपाणीच्या दिशेनं निघून गेली. किती सोपं होतं त्यांना!

मी पोचलो तेव्हा ती रस्त्यात बसली होती. छर्रे गळ्याखाली लागले होते. मी लढाईत जखमा पाहिल्यात, बांधल्याही आहेत. त्या दिवशी कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं तेच कळेना.

"पाव्हणं आलं काय रं?" ती म्हणाली.

"व्हय आक्का. आलं."

"मग ताट धर की."

त्यानंतर ती बोलली नाही.

वऱ्हाडाची बस आली तेव्हा आम्ही रस्त्यातच होतो. वाजंत्री दारात लटकून वाजवत होते. ड्रायव्हरनं ब्रेक मारल्यावर एकेक वाद्य गप्प झालं. पोलिसांची जीप त्या बसच्या मागोमाग पोचली.

व्यापारी वाचला. हात मोडला होता, पण वाचला. इरापाला शाबासकी मिळाली आणि कुलूप तोडल्याबद्दल चौकशीही लागली. तो आमच्या घरी आला, उंबऱ्याबाहेर बसून रडला. "मी नुसतं बघतो म्हनलो, अण्णा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्यावर माझा राग नाही. भाचीचं लग्न पुढं त्याच मुलाशी घरातल्या घरात लावलं.

मी पेन्शनीत आल्यापासून लोक विचारतात, फौजी, मदत येईपर्यंत गावात बंदुका असाव्यात का? चौकीचं कुलूप असावं का नसावं? मी त्यांना सांगतो, कुलूप तोडलं म्हणून एक माणूस वाचला आणि कुलूप तोडलं म्हणून माझी बहीण गेली. यातून काय ते तुम्ही काढा. मला अजून काढता आलेलं नाही.

माझ्या सेक्शनचे तीन जवान लढाईत गेले. दरवर्षी पलटणीच्या दिवशी मी त्यांची नावं घेतो, रँकसकट. त्यानंतर चौथं नाव घेतो, हौसाबाई. तिला रँक नाही. बार ऐकला आणि ती पाहुण्यांना सामोरी गेली.